पाळकांच्या पुनःस्थापनेचा अभ्यासक्रम: पूर्वार्ध उत्तम, करारपत्र धोकादायक

गुन्हा सिद्ध झालेल्या पाळकाशी, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशकाशी, मंडळीने (चर्चच्या सभासदांनी) कसे वागावे आणि त्याला पुन्हा सेवेत कसे घ्यावे, याचे मार्गदर्शन करणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम आमच्या मंडळीच्या कार्यकारिणीने नुकताच पूर्ण केला. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने, एक कार्यपुस्तिका आणि समुपदेशकांशी ठरावीक वेळी होणारे संभाषण असे त्याचे स्वरूप आहे. आमचे माजी पाळक इमारत निधीच्या अपहाराबद्दल शिक्षा भोगून परतले आहेत आणि त्यांना पुन्हा उपदेश करू द्यावा, असे मंडळीतील बऱ्याच जणांचे म्हणणे आहे. हा निर्णय तोंडावर असतानाच आम्ही अभ्यासक्रमाकडे वळलो. संस्थेचे नाव येथे देत नाही. तिची कळकळ खरी आहे, मात्र तिच्या मांडणीबद्दल स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते.

पूर्वार्ध पश्चात्तापाबद्दल आहे आणि तो मनापासून दाद द्यावी असा झाला आहे. त्यात पापकबुलीची दोन नमुनापत्रे शेजारी शेजारी छापली आहेत. पहिल्या पत्रात पाळक मंडळीला झालेल्या दुःखाबद्दल खेद व्यक्त करतो, सैतानाच्या मोहाचा उल्लेख करतो आणि अर्ध्या पानातच स्वतःसाठी प्रार्थनेची विनंती करतो. दुसऱ्या पत्रात त्याने कोणत्या महिन्यात किती रक्कम काढली, पावत्यांवर कोणाच्या सह्या घेतल्या, संशय आल्यावर कोषाध्यक्षाला कसे खोटे पाडले आणि ही रक्कम तो कशी फेडणार आहे, हे ओळीने येते. क्षमेची मागणी मात्र कुठेही येत नाही. व्याख्याता दोन्ही पत्रे सावकाश वाचतो आणि कोणत्या पत्रामागे पश्चात्ताप आहे, हे कार्यकारिणीच्या सभासदांनाच ठरवायला लावतो. याच सत्रात बायबलमधील जकातदार जक्कयाचे उदाहरण येते. ज्याला फसवले त्याला चौपट परत देण्याचे वचन त्याने स्वतःहून दिले आणि त्यानंतरच येशूने त्याच्या घराला तारण प्राप्त झाल्याचे सांगितले, हा क्रम इतक्या नेमकेपणाने मी इतरत्र ऐकलेला नव्हता.

दावीद राजा आणि त्याला त्याचे पाप दाखवून देणारा संदेष्टा नाथान यांच्यावरील सत्रही चांगले आहे. परमेश्वराने दावीदाचे पाप दूर केले आणि त्याच भेटीत त्याच्या घरातून तलवार हटणार नाही असेही सांगितले. क्षमा मिळाली म्हणून परिणाम टळत नाहीत, एवढे त्यातून स्पष्ट होते.

उत्तरार्धात मात्र सगळा भार येशूचा शिष्य पेत्र याच्यावर टाकला आहे. प्रभूला तीन वेळा नाकारणाऱ्या पेत्राला प्रभूने तिबेर्या समुद्राच्या काठी तीन वेळा विचारून पुन्हा मेंढरे सोपवली, तेव्हा मंडळीनेही पतित पाळकाला पुन्हा कळप सोपवावा, असा हा युक्तिवाद आहे. ऐकायला तो हृदयस्पर्शी वाटतो, पण मूळ प्रसंग नीट वाचला की त्यातली उणीव दिसते. पेत्राने ज्याला नाकारले होते, तोच त्या काठावर पेत्रासमोर बसला होता. ज्याचा अपराध झाला त्यानेच विचारले, त्यानेच ऐकून घेतले आणि त्यानेच सोपवले. अभ्यासक्रमातील पुनःस्थापनेत ही जागा रिकामी आहे. ज्यांचे काहीच गेलेले नाही असे लोक एकत्र जमून, ज्याचे सर्वस्व गेले त्याच्या वतीने क्षमा जाहीर करतात.

कार्यपुस्तिकेच्या शेवटी जोडलेल्या करारपत्रात हे उघड दिसते. त्यावर पाळकाच्या, त्याच्या पत्नीच्या, दोन मार्गदर्शकांच्या आणि कार्यकारिणीच्या अध्यक्षांच्या सहीसाठी जागा आहे. पीडित व्यक्तीसाठी एकही ओळ नाही. तिला काय सांगितले, ती काय म्हणाली, तिची भरपाई झाली का, याची नोंद करण्याचा रकानाच नाही. वेळापत्रक मात्र पूर्ण आहे: आधी मौन, मग समुपदेशन, मग लहान गटात साक्ष, आणि वर्षअखेरीस व्यासपीठ. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात अपराधात सापडलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणायला सांगितले आहे, हे खरे. पण ते त्याला विश्वासात आणि सहभागितेत परत आणण्याबद्दल आहे. अध्यक्ष (म्हणजे मंडळीवर देखरेख करणारा पाळक) निर्दोष असावा आणि बाहेरच्या लोकांतही त्याचे नाव चांगले असावे, ही तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील अट निराळ्या प्रश्नाबद्दल आहे. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या, मेजाकडे परतणे प्रत्येक पश्चात्तापी माणसासाठी खुले आहे. पाळकपदावर तसा कोणाचाही हक्क नाही.

सर्वांत गंभीर दोष असा की अभ्यासक्रम सगळ्या गुन्ह्यांना एकाच मापाने मोजतो. अपहार, मद्यपान करून केलेला अपघात आणि बालकांवरील लैंगिक अत्याचार यांना एकच वेळापत्रक लावले आहे. या बाबतीत ख्रिस्ती इतिहासाने फार मोठी किंमत मोजली आहे. अडचणीत सापडलेल्या धर्मगुरूंसाठी फादर जेरल्ड फिट्झगेराल्ड यांनी १९४७ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत एक धर्मसंघ स्थापन केला. स्वतः पुनःस्थापनेचे काम करणाऱ्या या माणसानेच १९५०च्या दशकात बिशपांना पत्रे लिहून मुलांवर अत्याचार करणाऱ्यांना पुन्हा सेवेत पाठवू नये, असे बजावले होते. त्यांचे ऐकले गेले नाही; तिथे राहून गेलेल्या काहींना पुन्हा धर्मग्रामांत (स्थानिक चर्चमध्ये) नेमले गेले आणि त्यांनी पुन्हा मुलांना लक्ष्य केले. अखेर २००२ मध्ये अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी असा नियम स्वीकारला की अल्पवयीनावरील अत्याचाराचे एकही कृत्य कबूल केले गेले किंवा सिद्ध झाले, तर त्या धर्मगुरूला सेवेतून कायमचे दूर करावे. पुनःस्थापनेचा कोणताही अभ्यासक्रम याच इतिहासापासून सुरू व्हायला हवा. इथे त्याचा उल्लेखही नाही.

त्याऐवजी मत्तयाच्या अठराव्या अध्यायाचा आधार घेऊन आधी एकांतात बोला, मग आणखी एक-दोघांना सोबत घेऊन जा, असे सांगितले जाते. अत्याचार सोसलेल्या मुलीने आधी एकटीने आपल्या पाळकासमोर उभे राहावे, असा अर्थ त्या वचनाला चिकटवणे क्रूरपणाचे आहे. गुन्ह्याची खबर पोलिसांना देणे ही पहिली पायरी आहे, आणि बालकांच्या बाबतीत अनेक देशांत ती कायद्याने बंधनकारकही आहे. कार्यपुस्तिकेत याबद्दल तळटीप आहे, तीही मंडळीच्या बदनामीच्या संदर्भात.

प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनचा वापरही मला खटकला. संस्काराचे सामर्थ्य तो देणाऱ्याच्या पावित्र्यावर अवलंबून नसते, असे त्याने दोनातवाद्यांच्या, म्हणजे पतित धर्मगुरूंनी दिलेले संस्कार व्यर्थ मानणाऱ्या पंथाच्या, विरोधात मांडले होते. गुन्हेगार पाळकाच्या हातून बाप्तिस्मा घेतलेल्यांना त्यातून दिलासा मिळतो, आणि आमच्या मंडळीत त्या दिलाशाची गरजही होती. तोच विचार पाळकाला पदावर परत आणण्यासाठी पुढे करणे म्हणजे विश्वासणाऱ्यांसाठी ठेवलेली भाकर दुसऱ्याच्याच ताटात वाढणे आहे.

तांत्रिक बाजूबद्दल तक्रार नाही. आवाज स्पष्ट आहे आणि समुपदेशक वेळ पाळतात. पाळकाच्या पत्नीला आणि मुलांना मंडळीने वाळीत टाकू नये, यासाठीचे सत्र तर स्वतंत्रपणे उपलब्ध करून द्यावे इतके मोलाचे आहे. त्यात भाडे, शाळा, औषधोपचार यांची जबाबदारी कोणी घ्यायची इथपर्यंत बारकाईने विचार केलेला आहे. पीडितांच्या कुटुंबांसाठी असे एखादे सत्र का नाही, असे मी समुपदेशकांना विचारले, तेव्हा तो विषय पुढील आवृत्तीत घेण्याचा विचार आहे, असे उत्तर मिळाले.

ज्या मंडळीसमोर बालकांवरील किंवा स्त्रियांवरील अत्याचाराचे प्रकरण आहे, तिने हा अभ्यासक्रम घेऊ नये. आर्थिक गुन्ह्याच्या बाबतीत पूर्वार्ध आणि कुटुंबाबद्दलचे सत्र घ्यावे आणि करारपत्र बाजूला ठेवावे. आम्ही तसेच केले. आमच्या करारात पहिली सही निधीला आपली बचत देणाऱ्या सभासदांच्या प्रतिनिधीची आहे, परतफेडीचे हप्ते वार्षिक सभेत वाचून दाखवायचे आहेत, आणि माजी पाळकांना प्रभुभोजनाला बोलावले आहे. उपदेशाचा आणि हिशेबाचा अधिकार त्यांना दिलेला नाही. त्यांनी त्यावर सही केली आहे.