नांदूर मध्यमेश्वरला पारखलेला मिररलेस कॅमेरा

रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत असलेल्या नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात मी हा मध्यम किमतीचा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा पक्ष्यांसाठी वापरला. पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस धरून ठेवण्याची त्याची क्षमता खरोखर उत्तम आहे. मात्र इलेक्ट्रॉनिक शटरने टिपलेले उडत्या पक्ष्याचे पंख वेडेवाकडे दिसतात, कारण सेन्सर संपूर्ण प्रतिमा एकाच क्षणी न वाचता ओळीओळीने वाचतो. यावरचा उपाय असलेले, संपूर्ण प्रतिमा एकाच क्षणी टिपणारे ग्लोबल शटर सोनीने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या अल्फा ९ थ्री या महागड्या फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात आणले. ते या किमतीतही मिळावे, ही माझी पहिली अपेक्षा आहे. बटण पूर्ण दाबण्याआधीची छायाचित्रे साठवणारी प्री-कॅप्चरची सोय या कॅमेऱ्यात फक्त जेपेग या संकुचित स्वरूपात मिळते, ती रॉ म्हणजे प्रक्रिया न केलेल्या स्वरूपातही हवी. बॅटरी समाधानकारक आहे. मेनू मराठीतही असावा, असे मनापासून वाटते.