डोंगरासाठी घेतलेले दोन ‘रग्ड’ फोन आणि आमची झालेली फसवणूक

ज्या फोनच्या भरवशावर धुक्यात चुकलेल्या माणसांपर्यंत पोहोचायचं होतं, त्या फोनमध्ये होकायंत्राचा सेन्सरच नव्हता. जीपीएस नावापुरतं, बॅटरी छापलेल्या आकड्याच्या निम्मीही नाही, आणि आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, भलत्याच फोनचा. आमच्या ट्रेकिंग गटाने वर्गणी काढून घेतलेले दोन फोन असे निघाले. पैसे गेल्याचा राग आहेच. पण जास्त संताप याचा आहे की ज्या गोष्टी खोट्या निघाल्या त्या सगळ्या घरात बसून लक्षात न येणाऱ्या आहेत. त्या डोंगरावर, पावसात, रेंज गेल्यावरच उघड्या पडतात, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

आमचा गट छोटा आहे. जुन्नर आणि अकोले भागातल्या किल्ल्यांवर आमचं जाणं-येणं असतं आणि पावसाळ्यात कोणी वाट चुकलं तर गावातल्या लोकांबरोबर शोधायला आम्हीही निघतो. नेहमीच्या फोनची अडचण अशी की मुसळधार पावसात ओल्या स्क्रीनवर बोट चालत नाही आणि दिवसभर लोकेशन चालू ठेवलं की दुपारपर्यंत चार्जिंग संपतं. म्हणून गटाच्या मालकीचे दोन दणकट फोन हवे होते. पाण्याने बिघडणार नाहीत, दोन दिवस चालतील आणि रेंज नसताना नकाशावर आपण कुठे आहोत, तोंड कोणत्या दिशेला आहे हे सांगतील, एवढीच अपेक्षा होती.

जाहिरात समाजमाध्यमावर दिसली. फोन पाण्याच्या बादलीत, फोनवरून जीपचं चाक, फोनने ठोकलेला खिळा. खाली लिहिलेलं: 10,000 एमएएच, 12 जीबी रॅम, आयपी68, मिलिटरी ग्रेड, जीपीएस अधिक नाविक (जीपीएससारखीच भारताची स्वतःची उपग्रह यंत्रणा). 17,999 वर काट मारून 7,499. व्हॉट्सअ‍ॅपवर आम्ही नेमके प्रश्न विचारले. कंपास सेन्सर आहे का? नाविक खरंच चालतं का? ‘यस सर, ऑल सेन्सर, फुल गॅरंटी’ असं उत्तर आलं. शिवाय प्रत्येक फोनमागे 999 रुपयांचा ‘लाइफटाइम ट्रेकिंग मॅप’ घ्यायला लावला, ‘त्याशिवाय नेट नसताना नकाशा दिसणार नाही’ म्हणून. हा सगळा चॅट आम्ही जपून ठेवला आहे.

खोटेपणा लक्षात आला तो हरिश्चंद्रगडावर. खिरेश्वरहून टोलार खिंडीत चढलं की पुढे मंदिरापर्यंत एकामागून एक टेकड्या लागतात. धुकं उतरलं की सगळ्या सारख्याच दिसतात, ढोरवाटा फुटत राहतात, आणि वाट चुकण्याची ही ठरलेली जागा आहे. आम्ही मुद्दाम तिथेच फोन तपासायचं ठरवलं होतं आणि बरोबर खिरेश्वरचे वाटाडे मामा होते. खिंडीच्या वर आल्यावर दोन्ही फोन उघडले. एकावर आमचा निळा ठिपका पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्यात होता. दुसऱ्यावर तो काही वेळ बरोबर जागी आला, मग एकदम लांब उडाला, मग परत आला. दिशेचं तर विचारूच नका. उभ्या जागी गिरकी घेतली तरी बाण ढिम्म हलेना. मामांनी स्क्रीनवर एक नजर टाकली आणि म्हणाले, “आवं, ह्यो बाण दरीकडं दावतोय. वाट हिकडं हाय.” ते नसते आणि एखाद्या नवख्या पोराच्या हातात तो फोन असता तर काय झालं असतं, हे मला अजून डोक्यातून काढता येत नाही.

खाली येऊन विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, “सर, बादल है तो सॅटेलाइट नहीं मिलेगा.” हे धादांत खोटं आहे. जीपीएसचा मुख्य सिग्नल 1575.42 मेगाहर्ट्झवर येतो आणि ढग, धुकं, पाऊस यांनी त्याला जवळजवळ काहीच फरक पडत नाही. अडथळा होतो तो उंच कड्यांचा, कारण कातळावर आपटून आलेला सिग्नल अंतर चुकवतो. आणि अगदी दाट झाडीचा. आम्ही उघड्या माळावर उभे होतो.

मग घरी रीतसर तपासणी केली. मैदानात एअरप्लेन मोड लावून हे फोन आणि गटातल्या एकाचा चार वर्षं वापरलेला साधा फोन शेजारी शेजारी ठेवले आणि तिन्हींवर जीपीएसटेस्ट हे फुकट मिळणारं अ‍ॅप चालवलं. त्यात प्रत्येक उपग्रहासमोर देशाचा झेंडा आणि सिग्नलच्या ताकदीचा आकडा दिसतो. जुन्या फोनवर अमेरिका, रशिया, युरोप, चीन सगळ्यांचे उपग्रह भराभर आले, बरेच आकडे 30 च्या वर. ‘रग्ड’ फोनवर फक्त अमेरिकेचे मोजके, आकडे विशीच्या आसपास घुटमळणारे. नाविकचा तिरंगा शेवटपर्यंत आला नाही. सेन्सरची यादी दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये चुंबकीय सेन्सर नव्हताच. फोनमध्ये आधीपासून टाकलेलं कंपासचं अ‍ॅप मात्र होतं, छान सोनेरी सुई असलेलं. फोन टेबलावर ठेवून पूर्ण गोल फिरवला तरी सुई फोनबरोबरच फिरायची. फोन वाकडा केला की तेवढी डुलायची. हे अ‍ॅप कोणीतरी बसून, विचार करून बनवलं आहे.

सेटिंगमध्ये अँड्रॉइड 14 लिहिलेलं होतं. अँड्रॉइडची आतली आवृत्ती सांगणारा एपीआयचा आकडा 29 निघाला, म्हणजे खरं तर अँड्रॉइड 10. चार्जिंगच्या वायरीत लावायच्या मीटरवर रिकाम्या फोनने 4,000 एमएएचसुद्धा घेतले नाहीत. शेवटी ओळखीच्या रिपेअरवाल्याकडे एक फोन उघडला. जाड पाठीच्या आत बॅटरीच्या आकाराची प्लॅस्टिकची चौकट, तिच्यात एका कोपऱ्यात नेहमीची पातळ बॅटरी, आणि उरलेल्या जागेत डिंकाने चिकटवलेली लोखंडी पट्टी. हातात घेतल्यावर फोन दणकट वाटावा म्हणून वजन भरलेलं. बाहेर चार्जिंगच्या भोकावर रबरी झाकण होतं, पण आत पाठीच्या कडेने पाणी अडवणारी रबराची रिंग नव्हती, स्पीकरवर जाळीशिवाय काही नव्हतं. रिपेअरवाल्याने पट्टी उपसून माझ्या हातावर ठेवली. मला बोलवेना.

आयएमईआयचं प्रकरण याहून गंभीर. *#06# दाबून आलेला 15 अंकी नंबर, आधी इंग्रजीत केवायएम लिहून, 14422 वर एसएमएस केला. दूरसंचार विभागाची ही सोय आहे. संचार साथी पोर्टलवरही तपासता येतं. उत्तरात भलत्याच कंपनीच्या भलत्याच मॉडेलचं नाव आलं. आयएमईआय बदलणं हा गुन्हा आहे, 2023 च्या दूरसंचार कायद्यात त्याला 3 वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. असा फोन नेटवर्कवरून कधीही बंद होऊ शकतो. बिलावरचा जीएसटी नंबर 07 ने सुरू होत होता, म्हणजे दिल्लीचा. जीएसटीच्या सरकारी साइटवर टाकला तर कपड्याच्या धंद्याची नोंद निघाली. बहुधा त्या माणसालाही पत्ता नसेल की त्याच्या नंबरावर फोन विकले जातायत.

आता त्या मोठमोठ्या शब्दांबद्दल. ‘मिलिटरी ग्रेड’ म्हणून जे छापतात ते एमआयएल-एसटीडी-810 हे अमेरिकी संरक्षण खात्याचं चाचण्यांचं पुस्तक आहे, त्याची 810एच ही आवृत्ती 2019 ची. त्यात पडणं, धूळ, उष्णता, दमटपणा अशा कितीतरी चाचण्या आहेत. त्यातल्या कोणत्या करायच्या हे कंपनीच ठरवते, आणि अमेरिकेचं सैन्य फोनला कसलंही प्रमाणपत्र देत नाही. म्हणून चांगली कंपनी कोणत्या चाचण्या केल्या ते सांगते. नुसतं ‘मिलिटरी’ लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. आयपी68 मध्ये 6 म्हणजे धूळ आत जात नाही, 8 म्हणजे 1 मीटरपेक्षा जास्त खोल पाण्यात, कंपनीने सांगितलेल्या खोलीपर्यंत आणि वेळेपर्यंत. तो आकडा किती, हे लिहिलेलं नसेल तर विचारा. तेही गोड्या, स्थिर पाण्यासाठी. समुद्राचं पाणी वेगळं. आणि खरा आयपी68 फोन घेतला तरी बहुतेक कंपन्या पाणी गेल्यावर वॉरंटी देत नाहीत, तेव्हा पावसात झिपची पिशवी लागतेच.

‘लाइफटाइम मॅप’ तर फुकटातला निघाला. ओपनस्ट्रीटमॅप हा जगभरच्या लोकांनी स्वेच्छेने बनवलेला नकाशा आहे आणि सह्याद्रीतल्या कितीतरी पायवाटा आपल्याच भटक्यांनी चालून त्यात नोंदवल्या आहेत. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड टाकून तो विनामूल्य उतरवून घेता येतो आणि नेटशिवाय चालतो. या माणसाने मूळ नाव पुसून तोच नकाशा आम्हाला विकला.

फसवणुकीचा सगळ्यात पक्का भाग मात्र परत घेण्याचा होता. जाहिरातीत 7 दिवसांत बदलून देण्याचं वचन होतं. तक्रार केल्यावर तो नाही म्हणाला नाही. आधी ‘सॉफ्टवेअर अपडेट येतंय’, मग ‘व्हिडिओ पाठवा’, मग ‘उजेडात काढलेला व्हिडिओ पाठवा’, मग ‘5 स्टार द्या, लगेच रिफंड करतो’. असं गोड बोलत मुदत ओलांडली आणि दुसऱ्याच दिवशी नंबर ब्लॉक. पार्सलवरचा पत्ता एका गोदामाचा होता, तिथे त्या नावाचं कोणी नाही. मधल्या काळात त्याने रेंज नसलेल्या जागी चालणारा सॅटेलाइट फोनही देऊ केला होता. तो कोणी चुकूनही घेऊ नका. सरकारी परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे.

नवा फोन घेणार असाल तर पार्सल न थांबता व्हिडिओ काढत उघडा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत, घरातल्या वायफायवर नव्हे, गच्चीवर एअरप्लेन मोडमध्ये तपासा. मोकळ्या आकाशाखाली धड फोनला काही मिनिटांत जागा सापडते. दहा-पंधरा मिनिटं गेली तरी सापडत नसेल तर तो फोन डोंगरावर नेऊ नका. एल1 (वर सांगितलेला जीपीएसचा मुख्य सिग्नल) बरोबर एल5 या दुसऱ्या सिग्नलच्या लहरी पकडणारा फोन मिळाला तर दरीत, कड्याखाली त्याचा चांगला उपयोग होतो. जीपीएसटेस्टमध्ये ते दिसतं. कंपाससाठी फोन आडवा ठेवून गोल फिरवा, सुई उत्तर सोडता कामा नये. वजन बघा: खऱ्या 10,000 एमएएचच्या रग्ड फोनचं वजन 300 ग्रॅमच्या पुढेच असतं, पण लोखंडी पट्टी पाहिल्यापासून मी नुसत्या वजनावर विश्वास ठेवत नाही, मीटर लावतो. डब्यावर इंग्रजी आरपासून सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) 8 अंकी नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. आमच्या डब्यावर तो छापलेलाच नव्हता.

आणि माझं स्पष्ट मत: या किमतीत ‘रग्ड’च्या मागे लागण्यापेक्षा सर्व्हिस सेंटर असलेल्या कंपनीचा साधा फोन, चांगलं रबरी कव्हर, पाणी न जाणारी पिशवी आणि एक पॉवर बँक हे कितीतरी भरवशाचं आहे. आम्ही आता तेच वापरतो, जोडीला खरं चुंबकीय होकायंत्र आणि छापील नकाशा असतो, आणि अनोळखी वाटेवर गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय जात नाही.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली, 1930 वर आणि सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवरही नोंद केली, आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतो आहोत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि खरेदीचा वाद सुरू झाल्यापासून 2 वर्षांची मुदत असते. तुमच्याकडे नारिंगी रबरी कोपरे असलेला, सोनेरी सुईचं कंपास अ‍ॅप असलेला असा फोन आला असेल तर तो फेकू नका, कोणाला विकू तर मुळीच नका. आधी आयएमईआय तपासा, मग बिल, चॅट आणि पार्सलवरच्या चिठ्ठीचा फोटो जोडून तक्रार टाका.