चौदा किनाऱ्यांचा कागद

परवा बहिणीच्या गावच्या दोघींचे फोन आले. "बाई, तुम्ही अंदमानले गेल्ता न, त्या ट्रॅव्हल्सवाल्या पोराचा नंबर द्या." त्यानं आता दुकानावर बालीच्या सहलीचा बोर्ड लावला म्हणे. नंबर दिला नाही. का नाही, हे सांगायला पाऊण तास गेला. दुसऱ्या दिवशी तिसरीचा फोन आला, तेव्हा ठरवलं की एकदाच लिहून टाकावं.

आमचं गाव मोर्शी-वरूड पट्ट्यातलं. घरोघरी संत्रा, नाही तर कापूस-तूर. आम्ही नऊजणींनी महिन्याला हजाराची भिशी साडेतीन वर्षं चालवली, कशासाठी तर एकदा समुद्र पाहायचा म्हणून. नऊपैकी एकीनंच तो पाहिला होता, तोही मुंबईत दवाखान्यात जाताना टॅक्सीच्या काचेतून. बारावी झालेली मीच, म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे. सगळ्यांत मोठ्या माझ्या चुलत सासूबाई, वय अडुसष्ट. सारं गाव त्यांना मोठी माय म्हणतं.

तालुक्याला एसटी स्टँडसमोर एकाचं झेरॉक्सचं दुकान आहे, मागच्या खोलीत ट्रॅव्हल्स. त्यानं आमच्या गावची चाळीस माणसं तिरुपतीला नेऊन सुखरूप आणली होती. आमची चौकशी तेवढ्यावरच संपली. त्याच्या बोर्डावर निळं पाणी, पाण्यावर लाकडी घरं, दोन हिरव्या बेटांच्या मधोमध पांढऱ्या वाळूचा पट्टा आणि समुद्रात पोहणारा हत्ती. आम्ही हत्तीवरच भाळलो.

अमरावतीचा दुसरा एकजण माणशी ४३,५०० म्हणत होता आणि पाच किनारे देत होता. आमच्या या पोरानं ४१,००० सांगितले आणि चौदा किनारे दिले. मी वही उघडून भागाकार केला. तिकडे एक किनारा ८,७०० ला पडत होता, इकडे २,९२८ ला. तो भागाकार अजून वहीत आहे, माझ्याच अक्षरात. संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्याला देताना आम्ही झाडाखाली उभं राहून फळ फोडून दाखवतो, दहा प्रश्न विचारतो. किनारे मात्र नगावर घेतले.

त्यानं एक कागद टाइप करून दिला. त्यावर चौदा नावं होती: कोर्बिन्स कोव्ह, जॉली बॉय, रॉस, नॉर्थ बे, हॅवलॉक, स्वराज द्वीप, काला पत्थर, राधानगर, सात नंबर बीच, एलिफंट बीच, नील, शहीद द्वीप, भरतपूर, लक्ष्मणपूर. मोठ्या मायनं तो कागद पाकिटात घातला आणि सोबत पेन्सिलचा तुकडा ठेवला, पाहिला किनारा की खूण करायला. दहा-दहा हजार रोख दिले, त्याची साध्या बिलबुकातली पावती मिळाली. उरलेले एकतीस-एकतीस हजार फोनवरून टाकले. खातं दुकानाच्या नावाचं नव्हतं, त्याच्या बायकोच्या नावाचं होतं. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, घरचंच हाये." मीही मान हलवली.

कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाल्यावर फेब्रुवारीत निघालो. नागपूरहून चेन्नईला रेल्वे, तिथून विमान. पोर्ट ब्लेअरला आता श्री विजयपुरम म्हणतात, २०२४ च्या सप्टेंबरात नाव बदललं. रविवारी दुपारी उतरलो आणि संध्याकाळी कोर्बिन्स कोव्ह पाहिला. तिथं पाण्याला हात लावून मोठी माय रडली. त्याबद्दल लिहायला बसले तर हे पान पुरणार नाही.

सोमवारी कागदावर जॉली बॉय होतं. वंडूरच्या धक्क्यावर पोचलो तर सगळं सामसूम. जॉली बॉय हे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं बेट आहे, आधी परवाना काढावा लागतो आणि सोमवारी ते बंद असतं. आमच्या नावाचा परवाना मंगळवारचा नव्हता, बुधवारचा नव्हता, कधीचाच नव्हता. शेजारच्या वाळूवर पाय भिजवायला निघालो तर मगरींपासून सावध राहण्याचा फलक. "सगळ्या किनाऱ्यांवर पोहता येते," असं त्यानं आम्हाला छातीठोक सांगितलं होतं. आम्ही लुगड्याचे काठ आवरून परत गाडीत.

मंगळवारी सेल्युलर जेल पाहिलं. त्याबद्दल तक्रार नाही. सातपैकी तीनच इमारती उरल्या आहेत, पण त्या कोठड्यांसमोर नऊच्या नऊ बाया गप्प झाल्या, हे आमच्या गावात कुणी खरं मानत नाही.

मग रॉस. बोर्डावरचा तो पांढऱ्या वाळूचा पट्टा याच नावाचा, हे त्यानं बोट ठेवून दाखवलं होतं. बोटीतून उतरलो तर इंग्रजांच्या पडक्या इमारती, भिंतींना विळखा घातलेली वडासारखी मुळं आणि हरणं. जागा बघण्यासारखी आहे, पण वाळूचा पट्टा कुठे? बोटवाल्यानं सांगितलं की फोटोतलं रॉस वेगळं. ते रॉस आणि स्मिथ ही जोडबेटं, पार उत्तरेला दिगलीपूरजवळ, इथून रस्त्यानं तीनशे किलोमीटरच्या वर. नाव एक, बेटं दोन. फोटो तिथला आणि बोट इथली. पाण्यावरची लाकडी घरं तर अंदमानातली नव्हतीच. मालदीवचा फोटो होता, असं नंतर माझ्या मुलानं शोधून काढलं.

बुधवारी जहाज. वेगवान एसी जहाज ठरलं होतं, मिळालं सरकारी, तेही खालच्या मजल्यावर. ते सोडा, सरकारी जहाज काही वाईट नाही, पण पैसे एसीचे घेतले होते. हॅवलॉकला उतरलो तर धक्क्यावर पाटी: स्वराज द्वीप. मोठ्या मायनं पेन्सिल काढली आणि थांबल्या. "बाप्पा, हे हॅवलॉक का स्वराज?" तिथला गाडीवाला बंगाली होता. या बेटांवर फाळणीनंतर आणून वसवलेली बंगाली कुटुंबं बरीच आहेत. तो म्हणाला, "माताजी, दोनों एक ही है." २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप झालं. आमच्या पोरानं जुनं नाव एका ओळीत लिहिलं, नवं दुसऱ्या ओळीत, आणि दोन्हींपुढे बीच लावून टाकलं. ही तर अख्खी बेटं! किनारे त्यांच्या अंगावर, आणि ते कागदात वेगळे मोजलेलेच.

त्या संध्याकाळी काला पत्थरला नेलं. हा किनारा पूर्वेचा, सूर्य उगवताना पाहायचा. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य मागच्या झाडांआड गेलेला, पाणी काळपट पडत चाललेलं. गुरुवारी सकाळी राधानगर. पश्चिमेचा किनारा, सूर्यास्तासाठी लोक जिथं दुरून येतात, तिथं आम्ही सकाळी आठला. उलटंपालटं केलंय हे तेव्हा कळलं नाही, कारण राधानगर कोणत्याही वेळी राधानगरच आहे. इतकी बारीक वाळू की जावेनं ती चाळणीतून काढल्यासारखी आहे म्हटलं.

दुपारी जेवताना मी गाडीवाल्याला विचारलं, "भैया, सात नंबर कितने बजे?" कागदात सायंकाळी सहा लिहिलं होतं, सूर्यास्तासकट. तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "दीदी, सुबह जहाँ गए थे, वही तो सात नंबर है."

तिथल्या किनाऱ्यांना नंबर आहेत. राधानगर म्हणजेच सात नंबर. सहा वाजता सूर्यास्त हेही घरी बसून लिहिलेलं. ही बेटं आपल्यापासून इतकी पूर्वेला, पण घड्याळ आपलंच, त्यामुळे फेब्रुवारीत तिथं साडेपाचच्या आतच सूर्य बुडतो. सहाला गेलो असतो तर अंधार पाहून आलो असतो. तो गाडीवाला भला माणूस, साडेचारलाच घेऊन गेला. एकच किनारा दोनदा विकला म्हणून आम्हाला राधानगरचा सूर्यास्त मिळाला, हे त्या पोराचे उपकारच म्हणायचे. तिथंच बसून मोठ्या मायनं विचारलं, खूण एक करू की दोन? आणि हत्ती? राजन नावाचा तो पोहणारा हत्ती २०१६ मध्येच वारला, असं गाडीवाल्यानं सांगितलं. माझी जाऊ म्हणाली, "मंग आपून त मेलेल्या हत्तीचे पैसे भरले."

एलिफंट बीच राहिलाच. बोटीचं भाडं माणशी वेगळं होतं, ते पॅकेजमध्ये नाही हे धक्क्यावर कळलं. जंगलातून पायवाट आहे, पण मोठ्या मायचे गुडघे दुखतात.

शुक्रवारी नील. खरा दणका तिथं बसला. भरतपूरचं पाणी उथळ आणि शांत, त्यात सगळ्याजणी तासभर बसलो. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या टोकाला दगडाची नैसर्गिक कमान आहे, ती ओहोटीत जाऊन पाहायची. आम्ही भर भरतीत पोचलो आणि दुरून पाणी पाहून परतलो. भरती-ओहोटी रोज पाऊण-पाऊण तास पुढे सरकते, चंद्राबरोबर. पौर्णिमा-अमावास्या आम्हाला तोंडपाठ, चतुर्थीला चंद्रोदय किती वाजता हे मोठी माय कॅलेंडर न पाहता सांगते. पण त्याचा समुद्राशी संबंध आहे हे नऊजणींना माहीत नव्हतं, आणि ज्यानं पैसे घेतले त्यानं विचारात घेतलं नव्हतं.

हॉटेलवर आलो तर तिथला माणूस काउंटरवर उभा. तुमच्या एजंटनं अर्धेच पैसे पाठवले, म्हणाला. परतीच्या जहाजाची तिकिटं त्याच्या हातात होती, आमच्या नाही. माणशी ३,८०० भरा, मग तिकीट घ्या. दुकानातल्या त्या पोराला फोन लावला. पहिल्यांदा "नेटवर्क नाही ताई" म्हणाला, दुसऱ्यांदा फोन बंद. रविवारी सकाळी विमान, मध्ये समुद्र. माझ्या मुलानं गावाहून ३४,२०० रुपये पाठवले, तेव्हा तिकिटं मिळाली. तो हॉटेलवाला खोटं बोलत होता का? मला नाही वाटत. त्यालाही त्याचे पैसे हवे होते, आणि समोर आम्हीच होतो.

गावी आल्यावर चारपाच पोरं दुकानात गेली. त्यानं दहा हजार काढून दिले आणि कागदाची प्रत पुढे केली. "कागदावर जे नाव होतं तिथं नेलं न? सांगा, कोन्तं नाव खोटं हाये?" खोटं एकही नव्हतं, आणि मला अजून राग येतो तो याचाच. प्रत्येक नाव खरं होतं. मोबाइलवर नकाशा उघडून एकेक नाव घालून पाहिलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं की चौदातली पाच नावं दुबार आहेत. तो नकाशा मी रोज वापरते, मुलगा नागपुरात कुठे पोचला ते पाहायला.

ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला फोन केला. त्यांनी नोंद घेतली, पण दुकानदार दाद देईना. मग जिल्हा ग्राहक आयोगाची वाट धरली. २०१९ च्या कायद्यानं आपण जिथं राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आमचे सगळे मिळून चार लाख तीन हजार दोनशे. फोनवरून टाकलेल्या पैशांचे पुरावे आहेत, रोख नव्वद हजारांसाठी मात्र ती बिलबुकातली पावती, जिच्यावर दुकानाचा शिक्काही नाही. वकील तीच पावती उलटीसुलटी करून पाहत होते.

मग म्हणाले, चौदापैकी खरंच किती किनारे पाहिले ते सगळ्यांनी मिळून लिहून द्या. पुन्हा कागद काढला. दुबार पाच गेले, रॉस किनाराच नव्हे म्हणून तो गेला, जॉली बॉय बंद, एलिफंट राहिला. मी वहीत नॉर्थ बे धरून सहा लिहिले आणि सह्या घ्यायला लागले.

"पाच लिही," मोठी माय म्हणाली. "लक्ष्मणपूरले मी त गाडीतच झोपली होती."