थर्मोसेटची दुरुस्ती: उजेडाने की उष्णतेने?

कुकरचा तुटका दांडा भंगारवाला हातात घेतो, वजनही न करता परत देतो. दांड्याचं बेकेलाइट हे थर्मोसेट, म्हणजे एकदा घट्ट झालं की पुन्हा न वितळणारं प्लास्टिक; तापवलं तर करपतं. आतल्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना कायमच्या गाठींनी बांधलेल्या. इपॉक्सीची तीच गत. त्यामुळे वर्कशॉपसाठी रेझिन (ज्याचं घट्ट होऊन असं प्लास्टिक बनतं तो कच्चा माल) निवडताना पुढच्या दुरुस्तीचा विचार असेल, तर गाठी सुटतील असंच रसायन हवं.

उजेडाची वाट २००५ साली कोलोरॅडो विद्यापीठात ख्रिस्तोफर बोमन यांच्या गटाने दाखवली. साखळीत अ‍ॅलिल सल्फाइड या गंधकाच्या संयुगाचे दुवे घातले. उजेड पडला की इनिशिएटरमधून, म्हणजे क्रिया सुरू करणाऱ्या रसायनातून, रॅडिकल नावाचे चटकन जुळू पाहणारे कण निघतात, दुवे सुटतात आणि लगेच शेजारच्या साखळीला जुळतात. गाठी तेवढ्याच, जागा नवी. तापवायची गरज नाही, आणि जिथे दिवा मारला तिथेच काम होतं.

उष्णतेची वाट म्हणजे व्हिट्रिमर, तापवल्यावर ज्याच्या गाठी जागा बदलतात असं प्लास्टिक. २०११ साली पॅरिसला लुडविक लाइबलर यांनी एस्टर दुव्यांच्या इपॉक्सीत झिंकचा उत्प्रेरक घातला. तापलं की ते काचेसारखं हळूहळू वळतं. भुगा केला तरी साच्यात दाबून पुन्हा एकसंध तुकडा निघतो.

दाताचा डॉक्टर फिलिंग भरताना निळा दिवा मारतो, पुन्हा थोडं भरतो, पुन्हा दिवा. साधारण दोन मिलिमीटरचा थर, कारण त्याखाली उजेड नीट पोचत नाही. खरी मेख इथेच आहे. पातळ, पारदर्शक वस्तूवरचा ओरखडा किंवा आतला ताण घालवायला उजेड उत्तम. काळा रंग किंवा कार्बन फायबर असेल तर नाद सोडा. शिवाय बोमन यांच्या पद्धतीत इनिशिएटर खर्च होतो, त्यामुळे किती वेळा दुरुस्त कराल याला मर्यादा. पोतंभर तुकड्यांचा नवा माल करायचा असेल तर मी व्हिट्रिमरच घेईन. फक्त प्रेस आणि विजेचा खर्च आधीच धरा, आणि सतत तापणाऱ्या भागाला ते लावू नका, वाकेल.

पवनचक्कीच्या पात्यांसाठी तिसरीच युक्ती चालते: सौम्य आम्लात रेझिन विरघळवून फायबर मोकळे करणं. जर्मनीच्या कास्कासी या समुद्रातल्या पवनचक्की प्रकल्पात २०२२ साली अशी पाती बसली, रेझिन आदित्य बिर्ला समूहाचं.

आणि बाटलीत मिळणारं साधं यूव्ही रेझिन या रांगेत धरू नका. ते उजेडाने घट्ट होतं, सुटत नाही.