गाभडण्याच्या साथीचे मूळ शोधणारी सेवा : एका पशुपालकाचा अभिप्राय

गोठ्यातील तीन गाई सातव्या महिन्यात लागोपाठ गाभडल्यावर आम्ही एका पशुरोग निदान प्रयोगशाळेच्या साथ-तपासणी सेवेकडे गेलो, आणि त्या सेवेचा खरा गुण मला तिच्या यंत्रांपेक्षा तिच्या चौकशीत दिसला.

आलेल्या पशुवैद्यांनी रक्त काढण्याआधी दीड वर्षातील खरेदी, रेतन, विण्याच्या तारखा आणि कोणते जनावर कोणत्या दावणीला होते, हे सारे उतरवून घेतले. त्यानंतर मोजे आणि मास्क घालून त्यांनी मृत वासराच्या जठरातील द्रव सिरिंजने ओढून घेतला आणि चामड्यासारख्या जाड झालेल्या वारेचा तुकडा बर्फात ठेवला. आमचा गडी वार उघड्या हातांनी काढत असे, हे कळताच त्यालाही डॉक्टरांकडे रक्त तपासून घ्यायला सांगितले. ही काळजी मला फार मोलाची वाटली.

रोझ बंगाल आणि एलायझा या रक्तचाचण्यांनी ब्रुसेलोसिसकडे, म्हणजे जनावरे गाभडवणाऱ्या आणि माणसालाही लागणाऱ्या सांसर्गिक रोगाकडे, बोट दाखवले आणि नमुन्यांतून ब्रुसेला अबॉर्टस हा जिवाणू वाढवता आला. आमचा संशय रेतनावर होता. विकत आणलेल्या कालवडीची चाचणी खरेदीच्या वेळी निर्दोष आल्यामुळे तिचा विचारही आम्ही केला नव्हता. परंतु लहानपणी संसर्ग झालेल्या कालवडीच्या रक्तात विण्यापूर्वी किंवा गाभडण्यापूर्वी प्रतिपिंडे (संसर्गाविरुद्ध शरीर तयार करते ती द्रव्ये, जी ही चाचणी शोधते) दिसतीलच असे नाही, हे पशुवैद्यांनी समजावून सांगितले. ती वेळेवर व्यायली होती, मात्र तिची वार अडकली होती, आणि गाभडलेल्या तिन्ही गाई तिच्याच दावणीला होत्या. तिच्या दुधातील आणि मृत वासरांतील जिवाणूंचा जनुकीय आराखडा जुळला, तरी लागण कोणाकडून कोणाकडे गेली हे केवळ त्या साम्यावरून ठरत नाही, ते तारखांवरून ठरते, असे अहवालात स्पष्ट लिहिले होते. इतका प्रामाणिक अहवाल मी प्रथमच वाचला.

एक उणीव मात्र गंभीर आहे. रक्तचाचणीचा प्राथमिक निष्कर्ष आम्हाला फोनवर कळवला गेला नाही; जिवाणूवाढीच्या अंतिम अहवालापर्यंत तो थांबवून ठेवला गेला, आणि त्या काळात आणखी एक बाधित गाय त्याच गोठ्यात, इतर गाभण गाईंच्या शेजारी व्यायली. त्यामुळे या सेवेला मी पाचपैकी चार गुण देतो. नमुने देतानाच प्राथमिक निष्कर्ष कोण, कधी कळवणार, हे लेखी घ्यावे, आणि पशुवैद्य येईपर्यंत वार कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नये.