बुद्धिबळातील बर्लिन बचावावरचा व्हिडिओ कोर्स : एंडगेम उत्तम, डी३ अगदीच तोकडे

बुद्धिबळातल्या रुय लोपेझ या सुरुवातीला काळ्याने द्यायचे एक उत्तर म्हणजे बर्लिन बचाव. तो काळ्या मोहऱ्यांच्या बाजूने शिकवणारा एक व्हिडिओ कोर्स नुकताच पूर्ण केला. त्यात आठव्या चालीलाच वजिरावजिरी होऊन, म्हणजे दोन्ही वजीर मारले जाऊन, एंडगेम (डावाचा अखेरचा टप्पा) सुरू होतो आणि कॅसलिंगचा, म्हणजे हत्तीच्या आड सुरक्षित जाण्याचा, हक्क गमावलेला काळा राजा डी८ घरात उभा राहतो. असली स्थिती कोणी आपणहून का पत्करावी, हे मला कधी उमगले नव्हते. तरीही २००० साली लंडनमध्ये क्रामनिकने तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्हविरुद्ध चार डावांत हाच बचाव खेळून चारही बरोबरीत सोडवले आणि जगज्जेतेपद पटकावले.

कोर्सचे सारे मोल दुसऱ्या भागात आहे. तेथे शिक्षक पटावर केवळ राजे आणि प्यादी ठेवून हा डाव पांढराच जिंकतो, हे आधी मान्य करतात. राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार प्यादी तिघांविरुद्ध मुक्त प्यादे (ज्याला प्रतिस्पर्ध्याचे प्यादे अडवू शकत नाही असे) तयार करू शकतात, तर वजिराच्या बाजूची काळ्याची चार प्यादी, त्यांतली दोन सी स्तंभात एकामागे एक अडकल्यामुळे, तसे करू शकत नाहीत. मग एकेक मोहरे परत ठेवत काळ्याला मिळालेला मोबदला उलगडतो: उंटांची जोडी, पांढऱ्याचे प्यादे ई५ वर गेल्याने घोड्याला लाभलेले एफ५ हे घर, आणि पांढऱ्या घरांवर प्रतिस्पर्धीच न उरलेला उंट. प्यादे एच५ वर नेण्याची चाल पांढऱ्याचे जी४ रोखून घोड्याला स्थैर्य देते, शिवाय कोपऱ्यातल्या हत्तीलाही वाट करून देते, हे तर मी तीनदा मागे जाऊन पाहिले.

२०१४ मधील सोची येथील जगज्जेतेपदाच्या सामन्याचा अकरावा डाव, ज्यात आनंद याच एंडगेममध्ये काळ्या मोहऱ्यांनी कार्लसनकडून हरला, तोही टाळलेला नाही. हत्ती देऊन उंट घेण्याचा आनंदचा निर्णय शिक्षक घाईने निकालात काढत नाहीत, हे मला विशेष भावले.

तक्रार एकच, पण मोठी आहे. आजकाल पांढरा चौथ्या चालीला कॅसलिंग न करता डी३ खेळून (वजिरासमोरचे प्यादे एक घर पुढे सरकवून) हा एंडगेमच टाळतो, वजीर पटावर ठेवतो आणि सी३ व डी४ ची तयारी सावकाश करतो. यासाठी कोर्समध्ये जेमतेम अकरा मिनिटे आहेत. त्यानंतर खेळलेल्या माझ्या नऊ डावांपैकी सहांत डी३च आले आणि सातव्या-आठव्या चालीपासून मी चाचपडत होतो. एंडगेम समजून घ्यायचा असेल तर कोर्स निःसंकोच घ्यावा. बर्लिन बचाव स्पर्धेत खेळायचा असेल तर डी३ साठी वेगळी तयारी करावी लागेल.