मरीन प्लाय सांगून साधा प्लाय गळ्यात मारला, घरी ओटा करणाऱ्यांनी वाचा

कमी खर्चात घरच्या घरी किचन ओटा करायचा विचार असेल तर प्लाय घ्यायच्या आधी हे वाचाच, कारण आम्हाला मरीन (म्हणजे पाण्यात टिकणारा) म्हणून जो माल दिला तो मरीन नव्हताच, आणि हे कळलं तोपर्यंत ओटा बसवून, वर इपॉक्सी (ओतल्यावर कडक होणारं रेझिन) ओतून, सिंक लावून सगळं झालेलं होतं.

ग्रॅनाइट परवडत नव्हता म्हणून प्लॅन साधा होता, खाली १८ एमएमचा वॉटरप्रूफ प्लाय, त्यावर इपॉक्सीचे दोन हात, पुढच्या कडेला लाकडी पट्टी. पद्धत चांगली आहे, मी अजूनही तेच म्हणेन, पण सगळा भार खालच्या प्लायवर असतो. वरून सांडलेलं पाणी इपॉक्सी अडवतं, पण सिंकची कापलेली कड, नळाचं भोक, भिंतीकडचा सांधा इथून थोडं पाणी आत जातंच, आणि तिथेच प्लायची खरी परीक्षा असते.

विकणारा म्हणाला, "बिनधास्त न्या, उकळत्या पाण्यात टाकलं तरी काही होणार नाही." शीटवर ठसठशीत शिक्का, कडा छान मरून रंगाच्या. अजून काय पाहिजे माणसाला?

काही आठवड्यांतच सिंकच्या बाजूला हात फिरवला की उंचवटा लागायला लागला, मग त्यावरचं इपॉक्सी तडकलं, खालचा ड्रॉवर घासायला लागला आणि कुबट वास यायला लागला. सिंक काढून बघितलं तर कापलेल्या कडेला थर सुटलेले, सुरीचं पातं आरामात आत जात होतं.

सिंकसाठी कापलेला मधला तुकडा अजून पडून होता, तो परत करवतीने मधोमध कापला आणि तिथे सगळं उघडं पडलं. शीटच्या बाहेरच्या कडेला जो मरून रंग होता तो नुसता वरून मारलेला, आत गोंदाच्या रेषा एकदम फिक्या. बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ, उकळत्या पाण्यात टिकणारा) म्हणजे मरीन प्लायमध्ये फिनॉल फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो, त्याची रेषा गडद तपकिरी दिसते. साध्या एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) ग्रेडमध्ये युरियाचा गोंद असतो, तो फिका असतो आणि फक्त दमट हवेपुरता टिकतो, सतत पाणी लागलं की सोडून देतो. मधल्या थरांमध्ये जागोजागी पोकळ्या होत्या आणि जाडी मोजली तर १६ च्या आसपास, म्हणजे तिथेही मारलंच.

मग तो तुकडा उकळत ठेवला. दोनेक तासांत पुस्तकाची पानं सुटावीत तसे थर मोकळे झाले! खऱ्या बीडब्ल्यूपीच्या टेस्टमध्ये ७२ तास उकळतात आणि तरी थर सुटायला नको असतात. घरी एवढा वेळ शक्य नाही, पण खोटा माल असला तर काही तासांतच कळतं. (स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, गोंदाचा वास येतो, खिडकी उघडी ठेवा.) आणि नुसत्या रंगावर जाऊ नका, काही जण युरियाच्या गोंदातच रंग मिसळतात, मग आतली रेषासुद्धा गडद दिसते. उकळूनच बघायचं.

तुकडा घेऊन गेलो तर विकणाऱ्याचं म्हणणं, तुम्ही सांध्यांना सिलिकॉन नीट मारलं नसेल. अरे पण उकळत्या पाण्यात टाका म्हणून तूच सांगितलंस ना, मग सिलिकॉनचा प्रश्न येतोच कुठे? मग त्याने बिल दाखवा म्हणून सांगितलं. बिलावर नुसतं "प्लाय", ना ग्रेड, ना जाडी. तोंडाने शंभर वेळा मरीन म्हणणारा माणूस कागदावर तो शब्द एकदाही लिहीत नाही, हे मुद्दाम केलेलं असतं, आणि याच्यामुळेच आमची तक्रार तिथल्या तिथे अडकली. राग अजून जात नाहीये, कारण नुसत्या प्लायचे पैसे गेले नाहीत, इपॉक्सी, सिंकचं फिटिंग, सगळी मेहनत त्याच्यासोबत गेली.

नवीन शीट घेताना आधी उकळून बघायला तुकडा मागितला. एका ठिकाणी सरळ नाही म्हणाले, तिथून निघालो. दुसरीकडे लगेच दिला, तो उकळला, वाळवला, परत उकळला, एकही थर हलला नाही. बिलावर ग्रेड, जाडी आणि शिक्क्यावरचा नंबर लिहा म्हणलं तर त्यांनी काही न बोलता लिहून दिलं, शीट चारही बाजूंनी आमच्यासमोर मोजली. यावेळी सिंकची कड आणि नळाचं भोक कापल्या कापल्या इपॉक्सीने आतून दोनदा बंद केलंय, आणि खालच्या बाजूलाही एक हात दिलाय.